शेरा: विचाराधीन

सेवानिवृत्तीपूर्वी मी एकतीस वर्षं आवक-जावक विभाग सांभाळला, हे प्रथम नमूद करतो. मुलगा जपानात, सून तिथलीच आणि पाच वर्षांची नात, आमची चिमणी, फक्त जपानी बोलते. सहा महिन्यांनी ती आठवडाभर येणार असं कळलं, तेव्हा तिच्याशी तिच्याच भाषेत गप्पा मारायच्या, असा ठराव मी एकमताने मंजूर केला. सौ. तटस्थ राहिली.

मुलाने जपानी शिकायची एक वेबसाइट लावून दिली. ती रोज शब्द दाखवते, आपण अर्थ लिहायचा. चुकला की लाल पट्टी, आणि तोच शब्द पुन्हा दारात. पहिल्याच दिवशी माझा तिसरा शब्द चुकला आणि डोकंच फिरलं. आजवर माझ्या कामावर लाल शेरा मारायची कुणाची टाप नव्हती.

चौकशीअंती समजलं, की ब्राउझरला एक्स्टेन्शन नावाची पुरवणी जोडून त्यात स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या लेखी सूचना, टाकल्या, की वेबसाइटला हवं तसं वळण लावता येतं. मग मी आधी स्क्रिप्ट लिहायला शिकलो. जपानी काय, उद्यापासून. पहिल्या स्क्रिप्टने अक्षरं मोठी झाली. दुसरीने पट्टी निळी झाली, पण पहिली बंद पडली. दोघींत समन्वय साधायला तिसरी लिहिली, त्यात दीड महिना गेला. तोवर प्रलंबित शब्द बाराशेवर गेले. तो आकडा लपवणारी चौथी लिहिली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

पाचवी मात्र माझ्या कारकिर्दीचा कळस. ‘चूक’ हा शेरा रद्द होऊन तिथे ‘विचाराधीन’ येऊ लागलं, आणि विचाराधीन शब्दांसह मला वरच्या पातळीवर बढती मिळू लागली. ही स्क्रिप्ट मी इतर शिकणाऱ्यांनाही दिली. चारशे जणांनी ती बसवली. एकाने कळवलं, गुरुजी, दोन महिन्यांत एकही चूक नाही. मला भरून आलं.

सौ. दर रविवारी चिमणीला व्हिडिओ कॉल लावायची, घरातली एकेक वस्तू दाखवायची आणि ती म्हणेल तसं म्हणायची. चुकली की दोघी खिदळायच्या. यात प्रगतीचा आलेख निघत नाही, हे मी तिच्या निदर्शनास आणून दिलं.

“अहो, तुम्हीही बसा ना जरा,” ती म्हणायची.

“सातवी स्क्रिप्ट झाली की बसतो.”

चिमणी आली तेव्हा मी सर्वोच्च पातळीवर होतो. ती थेट माझ्या खुर्चीपाशी आली, माझा हात धरला आणि म्हणाली, “मिझु.”

मी लॅपटॉप उघडला. शब्द सापडला. पहिला दिवस, क्रमांक तीन, शेरा विचाराधीन. अर्थाचा रकाना सहाव्या स्क्रिप्टने जागा वाचवण्यासाठी काढून टाकला होता. मान वर केली तर चिमणी स्वयंपाकघरात पोचलेली. सौ.च्या हातून घटाघटा पाणी पीत होती आणि दोघी कशाला तरी हसत होत्या. खरं सांगतो, फार लागलं मनाला.

तुम्हाला हसू येत असेल तर हसा. फक्त, जे काम बाजूला सारून तुम्ही हे वाचत बसलात, त्यावर कुठला शेरा मारलाय तेवढं सांगा.