चाळीस कोरे कागद

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या त्या सरकारी उपकार्यालयात महिन्याला बारा रीम कागद लागत असे. त्यातले तीन कामाला लागत आणि नऊ तातेरावांना.

तातेराव वाईट माणूस नव्हते. ते पान खात नसत, पैसे खात नसत. त्यांना फक्त कागद लागत असे. आलेला प्रत्येक ईमेल ते छापून वाचत, कारण पडद्यावरचं वाचलेलं त्यांच्या मते वाचलेलं धरत नाहीत. कोणतंही पत्र काढलं की पहिली प्रत समास बराबर आहे का ते बघायला, दुसरी सहीला, तिसरी फाइलला आणि चौथी त्यांच्या स्वतःच्या कपाटाला. कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर साहेब रोज सकाळी गुलाबाच्या चित्रासह सुविचार टाकत. तातेरावांनी त्या सुविचारांचीही एक नस्ती उघडली होती, पृष्ठ क्रमांकासह. गुलाब काळा येत असे, पण इलाज नव्हता.

समोरच्या टेबलावर कनिष्ठ लिपिक संध्या पाईकराव बसत. त्या रोज हिंगोलीहून जिपेनं येत. जीप भरल्याशिवाय निघत नसे, त्यामुळं सकाळी सातला घर सोडावं लागे आणि परत जायला दिवेलागण होई. नवरा पुण्याला कंपनीत. मुलगी ऐश्वर्या तिसरीत. तिच्या शाळेच्या डायरीवर पालकाची सही शेजारच्या प्रतिक्षाताई करत, आणि हल्ली ती सही संध्याबाईंच्या मूळ सहीपेक्षा जास्त बराबर येऊ लागली होती. एकदा संध्याबाईंनी स्वतः सही केली तर शाळेतून फोन आला, की ही सही जुळत नाही. त्या दिवशी त्यांनी हिंगोलीला बदलीसाठी पाचवा विनंती अर्ज केला. त्याच्या चार प्रती तातेरावांनी आपणहून काढून दिल्या.

अशात वरून परिपत्रक आलं. कागदविरहित कार्यालय अभियान. प्रत्येक कार्यालयानं एक नोडल अधिकारी नेमावा, आणि ज्या कार्यालयाचा कागदवापर तीन महिन्यांत निम्म्यावर येईल तिथल्या नोडल अधिकाऱ्याचा बदलीचा अर्ज प्राधान्यानं विचारात घेण्यात येईल. साहेबांनी संध्याबाईंना नेमलं. नेमणुकीचा आदेश तातेरावांनी छापला. सहा प्रती.

संध्याबाईंनी मग हिशोब मांडला, तो सरळ होता. बाराचे सहा करायचे तर साहेबांना हात लावायची गरज नव्हती, प्रिंटरला नव्हती, जनतेला नव्हती. एकट्या तातेरावांना आवरलं की हिंगोली. म्हणून पहिल्या दिवशी त्या गोड बोलल्या. एका कागदानं किती झाड जातं वगैरे सांगितलं.

तातेरावांनी चष्मा काढला आणि पुसला. "मॅडम, कागद गेला तर झाड जातंय, मान्य हाय. पण कागद सापडला न्हाई तर माणूस जातंय. आमचे एक भाऊसाहेब एका पानापायी सात महिने सस्पेंड होते. झाडाला पेन्शन असती का?"

मग संध्याबाईंनी नियम केला. यापुढं कागदाच्या दोन्ही बाजूंनी छापायचं. तातेरावांनी आदेश शिरसावंद्य मानला आणि एकच मजकूर दोन्ही बाजूंनी छापू लागले. एखादी बाजू खराब झाली तर दुसरी कामाला येती, असं त्यांचं म्हणणं. शाई दुप्पट लागू लागली. मग दुसरा नियम, की आधी वापरलेल्या कागदाची पाठकोरी बाजू वापरावी. हा नियम नऊ दिवस उत्तम चालला. दहाव्या दिवशी पुसेगावच्या एका शेतकऱ्यानं आपला दाखला पारावर उलटा ठेवला, तेव्हा मागच्या बाजूला साहेबांच्या मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेचं बिल निघालं. दुसऱ्या दिवशी कार्यालयात येणारा प्रत्येक माणूस साहेबांना नमस्कार करण्याऐवजी त्यांच्या प्रकृतीची चौकशी करू लागला. पाठकोरा नियम त्याच दुपारी रद्द झाला.

एक महिना संपला होता आणि महिन्याचा वापर चौदा रीमवर गेला होता.

आता संध्याबाईंनी कागदाचं कपाटच कुलूपबंद केलं आणि किल्ली मंगळसूत्राच्या शेजारी अडकवली. तातेरावांनी तक्रार केली नाही. ते नुसते बसून राहिले. कोणी कामाला आलं की शांतपणे सांगत, "काम व्हतंय, पण कागद न्हाई. मॅडमनं बंद केलाय." दोन दिवस लोक आले आणि गेले. तिसऱ्या दिवशी सखुबाई नावाची म्हातारी आली. तिला नातवाच्या प्रवेशासाठी दाखला हवा होता आणि परत जायची जीप चारची होती. तिनं तातेरावांचं ऐकून घेतलं, उठून स्टेशनरीच्या दुकानात गेली आणि पदराखाली झाकून कागदाचा जाडसा गठ्ठा घेऊन आली.

"घ्या बाबा. किती लागत्यात मला काय ठावं. उरले तर ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं."

तातेरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी दाखल्याच्या पाच प्रती काढल्या आणि म्हातारीला चहा पाजला.

संध्याबाईंनी हे पाहिलं. हे थांबवणं त्यांचं कर्तव्य होतं, हेही त्यांना ठाऊक होतं. पण संध्याकाळी नोंदवही भरताना एक गोष्ट दिसली. त्या दिवशी कार्यालयातून एकही कागद खर्ची पडला नव्हता. दाखला गेला होता, पाच प्रती निघाल्या होत्या, म्हातारी आशीर्वाद देऊन गेली होती आणि रकान्यात शून्य होतं. त्या शून्याकडं त्यांनी बराच वेळ पाहिलं. त्याच्या आतून त्यांना हिंगोली दिसत होती.

दुसऱ्या दिवशी शिपाई प्रेमदासनं दारावर फलक लावला. *कागदविरहित कार्यालय. अर्जदारांनी प्रत्येक कामासाठी वीस कोरे कागद सोबत आणावेत. आदेशावरून.* कोणाच्या आदेशावरून, हे लिहायला जागा उरली नव्हती.

संध्याबाईंना वाटलं होतं, थोडी बोंब होईल. झाली नाही. उलट लोकांना बरं वाटलं, कारण काय लागतं ते एकदाचं स्पष्ट लिहिलेलं होतं. हा कोणता नियम, असं पुढच्या दोन महिन्यांत कोणी विचारलं नाही. पानकनेरगावच्या एकानं तेवढं विचारलं, की आखीव चालतील का कोरेच लागतील. तातेरावांचे तर सोन्याचे दिवस आले. ते आता साहेबांचे सुविचार दोन दोन प्रतींत ठेवू लागले, आणि कार्यालयाचा कागदवापर सलग एकसष्ट दिवस शून्य राहिला.

शून्य कागदवापराचा अहवाल एकशे बारा पानांचा झाला. तो पाच प्रतींत मागवला होता. कागद अर्थात अर्जदारांचा.

तपासणी पथक आलं, कुलूपबंद कपाट उघडून बघितलं, आत धूळ खात पडलेल्या रीमांचे फोटो काढले आणि भारावून परत गेलं. पंधरा दिवसांत आदेश आला. गोरेगावचं कार्यालय आदर्श घोषित झालं होतं. नोडल अधिकारी श्रीमती पाईकराव यांचा बदलीचा अर्ज ठरल्याप्रमाणं प्राधान्यानं विचारात घेण्यात आला होता, आणि प्राधान्यानं नाकारण्यात आला होता. अशी कर्तबगार कर्मचारी हलवल्यास योजना कोसळेल, सबब त्यांना आणखी तीन वर्षं तिथंच ठेवण्यात येत होतं. श्री. तातेराव यांची कागदाची सवय मात्र कागदविरहित कार्यालयास बाधक असल्यानं त्यांची बदली कागद उपलब्ध असलेल्या ठिकाणी करण्यात येत होती. म्हणजे हिंगोलीला.

तातेरावांचं घर कार्यालयाच्या मागच्या गल्लीत होतं. एकतीस वर्षं ते जेवायला घरी जात. "काहून अशी शिक्षा, मॅडम?" एवढंच ते म्हणाले आणि आदेशाच्या प्रती काढायला वळले. दुसऱ्या दिवसापासून त्यांची जीप हिंगोलीकडं आणि संध्याबाईंची गोरेगावकडं. सेनगावच्या अलीकडं कुठंतरी त्या रोज एकमेकींना ओलांडत. तातेराव खिडकीतून हात करत.

संध्याबाईंनी आदेश परत परत वाचला. सोळाव्या पानावर, अगदी तळाशी, एक वाक्य सापडलं. *योजनेविरुद्ध लाभार्थी अर्जदाराची एकही लेखी तक्रार प्राप्त झाल्यास योजना तात्काळ स्थगित करून नोडल अधिकाऱ्यास कार्यमुक्त करण्यात येईल.* एकही. म्हणजे एक पुरे होती. योजनाच नाही तर त्यांना इथं अडवायचं कारणही उरणार नव्हतं.

त्याच दिवशी खिडकीत तक्रार नोंदवही आली. शंभर पानी, दोऱ्यानं पेन बांधलेली. आठ दिवसांत नोंद झाली नाही, तेव्हा संध्याबाईंनी वीसचे चाळीस कागद केले. लोकांनी चाळीस आणले. मग कागद जमा करायची रांग वेगळी आणि कामाची वेगळी केली. लोक दोन्ही रांगांत उभे राहिले, आणि जे नवराबायको मिळून आले ते एकेका रांगेत उभे राहून खुश झाले. मग टाचण्यांची डबीही मागितली. डब्या आल्या. प्रेमदासच्या मेव्हण्याला त्यांनी हातापाया पडून तक्रारीला तयार केलं. तो म्हणाला, माझा दाखला अडकलाय, तो निघाला की लिहितो. दाखला निघाला. मेव्हणा त्यानंतर गोरेगावात दिसला नाही.

तीन महिन्यांत वहीत एक नोंद पडली. *मॅडम फार चांगल्या आहेत. कागद मोजताना बोटाला थुंकी लावत नाहीत.*

ऐश्वर्या चौथीत गेली. शाळेच्या नव्या फॉर्मवर आईची नमुना सही म्हणून प्रतिक्षाताईंनीच सही केली, म्हणजे पुढं घोटाळा नको.

आणि मग एका सोमवारी रत्नपाल सर आले. निवृत्त मुख्याध्यापक. ते वाचणारे होते, हे अख्ख्या पंचक्रोशीला माहीत होतं. घरी दोन वर्तमानपत्रं येत, दिवाळीत चार अंक घेत, आणि सरकारी कारभाराची टर उडवणारं काही छापून आलं की ते कापून ठेवत आणि पाहुण्यांना वाचून दाखवत. सरांनी दारातला फलक वाचला. परत वाचला. मग ते असे काही हसले, की दोन्ही रांगा वळून बघू लागल्या.

"अहो, कागद वाचवायचा म्हणून चाळीस कागद," सर रांगेला समजावून सांगू लागले. "आणि सरकारचे कागद कपाटात कुलपात. म्हणजे वाचला कोणाचा आणि गेला कोणाचा?" रांगेला आत्ता कळलं. रांगही हसली.

संध्याबाई खुर्चीतून उठल्या. त्यांनी वही उघडली, कोरं पान काढलं आणि पेनाचा दोरा सोडवून पेन सरांसमोर धरलं.

"सर, दोनच ओळी लिहा."

"मी?"

"तुम्हाला पटलंय ना हे चुकीचं आहे?"

"चुकीचं म्हणजे, धडधडीत अन्याय आहे," सर म्हणाले. "आपल्या लोकांना मुळात चीडच येत न्हाई, हे खरं दुखणं आहे. यावर कोणीतरी झणझणीत लिहायला पाहिजे. वाचायला मजा येईल."

"मग लिहा की."

सरांनी मागं रांगेकडं पाहिलं, आत साहेबांच्या दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्याचं काय आहे मॅडम, माझा अर्ज आज टेबलावर आहे. कशाला उगा."

मग त्यांनी पिशवीतून, पाऊस लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गठ्ठा काढला आणि दोन्ही हातांनी खिडकीत ठेवला.

"पन्नास आहेत. दहा जास्तीचे घातलेत. जरा लक्ष ठेवा."

संध्याबाईंनी वही मिटली आणि मोजायला घेतले. पन्नास भरले. कागद चांगल्यातला होता.