ड्रायव्हरच्या सीटवर पोतं

नवा ट्रॅक्टर घ्यायचा हे ठरलं, पण कोणता ते काही ठरेना. भांडायला भाऊ दोघंच, पण आवाज भरल्या बाजाराचा. थोरल्याला सगळे इंजिनिअर म्हणत. त्याने एकदा पाण्याचा पंप उघडला होता आणि तो पुन्हा जोडणं आजतागायत कुणाच्या बापाला जमलं नव्हतं. धाकट्याचं नाव बघूभाऊ. घराला आग लागली तरी हा आधी "बघू" म्हणणार आणि मग चपला शोधणार.

"घ्यायचा तर इंपोर्टेड!" इंजिनिअर ताटावर बसल्या बसल्या गरजला. "केबिन आहे, थंड हवा आहे. आत बसलं की बाहेर ऊन आहे हे कळतसुद्धा नाही."

"आणि स्पेअर पार्ट? तो काय बोटीनं येणार?" बघूभाऊ म्हणाला. "इथलाच घेऊ. माझ्या मेव्हण्याचं दुकान आहे. चालवायला तो त्याचा पोरगाही देतो म्हणालाय."

"इंपोर्टेडला तसला पोरगा नाही चालायचा. शिकलेला ड्रायव्हर ठेवू."

भाजी वाढणाऱ्या वहिनीचा हात तिथेच थांबला. वहिनी म्हणजे इंजिनिअरची बायको. घरचा जुना ट्रॅक्टर, ज्याला सगळे म्हातारी म्हणत, तो इतकी वर्षं चालवला कुणी? वहिनीने. इंजिनिअरची कंबर धरायची आणि बघूभाऊ बघत राहायचा, म्हणून नांगरट असो की पेरणी, सीटवर वहिनीच. गेल्या आठवड्यात म्हातारीने भर शेतात मान टाकली, तेव्हा डोळ्याला पदर लावणारी घरात ती एकटीच होती.

"आणि मी?" तिने विचारलं.

"तू आता आराम कर!" इंजिनिअर मोठ्या मनाने म्हणाला. "नवीन मशीन म्हणजे काय पोळपाट-लाटणं आहे? नाही जमायचं तुला."

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. इंपोर्टेड आला काय किंवा इथला आला काय, दोन्हीकडून तिची सीट जाणार होती. रागाने तिने नवऱ्याच्या पानात इतकी भाजी वाढली की त्याचं बोलणंच बंद झालं.

शेवटी असं ठरलं की दोन्ही ट्रॅक्टर शेतावर बोलवायचे, चालवून पाहायचे आणि मग काय तो निकाल लावायचा. इंपोर्टेडवाला एजंट इस्त्रीच्या शर्टात आला. त्याचा ट्रॅक्टर चांगला दुमजली दिसत होता. मेव्हण्याने आपला इथला ट्रॅक्टर स्वतः चालवत आणला आणि झाडाखाली लावला. त्याला ना केबिन ना काच, पण तोंडवळा ओळखीचा होता.

पहिला मान इंपोर्टेडचा. मागे नांगर जोडला, इंजिनिअर शिडी चढल्यासारखा आत चढला, ट्रॅक्टर निघाला. चार पावलं गेला आणि शिट्टी वाजवून बंद पडला. पुन्हा चालू केला, पुन्हा शिट्टी, पुन्हा बंद.

"साहेब, तुम्ही उठताय!" एजंट खालून ओरडला. "सीट रिकामी झाली की मशीन बंद पडतं. सेफ्टी आहे ती!"

आता झाली का पंचाईत! म्हातारीची सीट कधीच मोडली होती. या घरातले पुरुष कधीमधी ट्रॅक्टर चालवायचे ते अर्धे उभे राहून, मागच्या नांगराकडे मान वळवून. वहिनीने मोडक्या सीटवर जुनी उशी बांधून बसायची सोय केली होती, पण उशीवर बसून ट्रॅक्टर चालवणं पुरुषांना कमीपणाचं वाटे. इंजिनिअरला बसून नांगरणं जमेचना. नांगर जमिनीत शिरला की हा सीटवरून उठायचाच.

"अहो, बसा ना जरा!" वहिनी म्हणाली.

"तू गप्प बस. सीटला माणूस कळत नाही, वजन कळतं," इंजिनिअर म्हणाला. त्याचे डोळे चमकले, आणि हे डोळे चमकले की घरातली एखादी वस्तू कामातून जाते हे वहिनीला पाठ होतं. "भाऊ, बियाण्याचं पोतं आण!"

एजंट नको नको म्हणेपर्यंत पोतं सीटवर विराजमान झालं. इंजिनिअर शेजारी उभा राहिला, एक हात स्टिअरिंगवर ठेवून. आणि काय सांगावं, ट्रॅक्टर सुरळीत चालू लागला! ना शिट्टी, ना काही. शेताच्या टोकापर्यंत नांगरट करून इंजिनिअरने विजयी मुद्रेने मागे वळून पाहिलं.

टोकाला फाटक होतं. इथे या घराची दुसरी जुनी सवय आडवी आली. म्हातारीच्या काळात पुरुष फाटकापाशी ट्रॅक्टर थांबवत नसत. हळू गिअरमध्ये टाकायचा, खाली उडी मारायची, पुढे पळत जाऊन फाटक उघडायचं. म्हातारी आपली डुलत डुलत पार व्हायची, की पुन्हा वर चढायचं. मध्ये पाणी पिऊन घेण्याइतका वेळ मिळे. वहिनी शंभरदा म्हणाली असेल, एक दिवस तोंडघशी पडाल. पण ऐकतो कोण?

इंजिनिअरने उडी मारली, पळत जाऊन फाटक उघडलं. ट्रॅक्टर ऐटीत पार झाला. याने चढायला पाय उचलला, तर पायरी छातीपाशी. कसाबसा लोंबकळला, तोवर केबिनचं दार आपोआप लागलं आणि हा ढेकळात बसला. ट्रॅक्टर पुढे निघाला. आत थंड हवा खात पोतं.

"थांब! अरे थांब म्हणतो ना!" इंजिनिअर पोत्याला ओरडत मागे धावला. पोत्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

पुढे शेजाऱ्यांचं शेत, त्याच्यापुढे त्यांचं तळं. ट्रॅक्टर शेजाऱ्यांचं शेत नांगरत सरळ तळ्याकडे चालला होता.

"पाण्यात गेला तर तो तुम्ही घेतला असं समजायचं!" एजंट किंचाळला.

"भावोजी, काहीतरी करा!" वहिनी म्हणाली.

"बघू," बघूभाऊ म्हणाला.

वहिनीने पदर खोचला. झाडाला टेकवलेली फळं काढायची आकडी उचलली आणि झाडाखालच्या ट्रॅक्टरवर जाऊन बसली. मेव्हणा "वहिनी, अहो, तो डेमोचा आहे!" म्हणेपर्यंत ती फाटकाबाहेर गेली होती. ढेकळांवरून उड्या मारत, धापा टाकणाऱ्या नवऱ्याला मागे टाकत तिने इंपोर्टेडला गाठलं आणि त्याच्या बरोबरीने ट्रॅक्टर धरला. तळं समोर दिसत होतं. केबिनची खिडकी उघडी होती. एका हाताने स्टिअरिंग धरून तिने दुसऱ्या हाताने आकडी आत घातली आणि पोत्याच्या तोंडाला अडकवली.

"चल, ऊठ माझ्या जागेवरून!" असं म्हणून तिने हिसका दिला.

पोतं धप्पकन खाली आलं. शिट्टी वाजली. इंपोर्टेड तळ्याच्या काठावर गपकन उभा राहिला. वहिनीला इतका आनंद झाला की तिने उगाचच दोनदा हॉर्न वाजवला.

शेजारी धावत आले. आता हे शिव्या देणार म्हणून सगळे मान खाली घालून उभे राहिले. शेजारी वाकून नांगरट न्याहाळत होते.

"कशी सुतासारखी सरळ आहे! ड्रायव्हर कोण?"

"पोतं," एजंट म्हणाला.

"मग उरलेल्या शेताला त्यालाच पाठवा," शेजारी म्हणाले आणि इंजिनिअरकडे वळले. "तुम्ही नका येऊ."

इंपोर्टेड परत नेणार कोण, असा प्रश्न पडायच्या आत वहिनी त्याच्यावरही चढली. पोतं बाजूला सारून सीटवर नीट बसली आणि तो सुरळीत अंगणात आणून लावला. "ताई, तुमच्याच हातात शोभतो हा!" एजंट म्हणाला. मेव्हणा म्हणाला, "वहिनी, आमच्या पोराची काही गरज नाही तुम्हाला." दोघे भाऊ एकमेकांकडे पाहू लागले.

"मग?" इंजिनिअरने कपड्यांवरची माती झटकत विचारलं. घाबरत घाबरत विचारलं. "कुठला घ्यायचा?"

"इथला," वहिनी म्हणाली. "माणूस आणि पोतं यातला फरक ज्याला कळत नाही, ते यंत्र आपल्या घरात नको. तसे दोघे आहेत आधीच."

"आणि ड्रायव्हर?" बघूभाऊ तोंडातल्या तोंडात म्हणाला.

यावर वहिनीने नुसतं पाहिलं. "बघू" म्हणायचीसुद्धा त्याची हिंमत झाली नाही.

पेरणीच्या दिवशी नवा ट्रॅक्टर अंगणातून निघाला. सीटवर वहिनी, आणि तिच्याखाली म्हातारीवरची तीच जुनी उशी. फाटक जवळ आलं तशी ती मागे उभ्या असलेल्या इंजिनिअरकडे वळून म्हणाली, "अहो, तुम्हाला उडी मारायची फार हौस ना? मारा."

इंजिनिअरने उडी मारली, पळत पुढे गेला आणि फाटक सताड उघडून बाजूला उभा राहिला. वहिनी हॉर्न वाजवत त्याच्यासमोरून ऐटीत गेली.