काळझेप घोडा आणि पुरावा क्रमांक दोन

या, अशा जवळ या. मागं भिंतीला टेकलेल्यांनीही पुढं सरकावं, जागा आहे. एका राज्याची गोष्ट सांगतो, आणि त्या राज्याच्या कृपेनं एका माउलीचा डोळा कसा सुधारला तेही सांगतो. (खरं म्हणजे जीवच वाचला. पण जीव म्हटलं की माणसं घाबरून मध्येच उठतात, म्हणून सध्या डोळा धरून चालू.)

सुरुवातीला एक गंभीर सत्य. ज्या जगाला इतिहास नाही, ते जग फार दिवस टिकत नाही. आणि ज्या जगाला भरपूर इतिहास आहे, ते सात भागांत विकत मिळतं.

अशा विकतच्या जगांमध्ये पहिला मान अश्मद्वीपाचा. अश्मद्वीप ही व्हिडिओ गेमची मालिका आहे. खेळ म्हणाल तर सोपा. एक योद्धा चालत जातो, वाटेत भेटेल त्याला मारतो आणि मेलेल्याच्या खिशातली चिठ्ठी वाचतो. बटणं चार. पण त्या चिठ्ठ्या! सातही भागांत मिळून चिठ्ठ्या, शिलालेख, रोजनिशा आणि दारांवरच्या पाट्या धरून ९,३१२ लेख सापडतात. त्यांतून चार हजार दोनशे बारा वर्षांचा इतिहास, एकोणीस राजघराणी, तीन मृत भाषा (पैकी एकीचं व्याकरण पूर्ण झालेलं आहे, शब्द अजून सापडायचे आहेत) आणि भरती-ओहोटीचं संपूर्ण वेळापत्रक सिद्ध होतं. समुद्र खेळात कुठं दिसत नाही. तो डोंगरापलीकडे आहे.

जगाची खोली मोजायचं एक शास्त्रीय माप आहे. जाणकाराला एक साधा प्रश्न विचारावा, आणि उत्तर देताना तो "थांबा, त्याआधी तुम्हाला हे माहीत पाहिजे" असं किती वेळा म्हणतो ते मोजावं. सामान्य मालिकेत हा आकडा दोन-तीन येतो. नामांकित मालिकांत सहा-सात. अश्मद्वीपात चौदा. मूळ प्रश्न काय होता हे त्यानंतर कुणाच्याच लक्षात राहत नाही, आणि तीच खोलीची खूण.

तिसरा शूलकेतू राजा तसा सगळ्यांना ठाऊक असतो. पण त्याचा घोडा काळझेप, काळझेपची आई, आजी, पणजी, आणि त्याचा पुढचा डावा पाय कुठल्या लढाईत अधू झाला, हे न अडखळता सांगणारा माणूस आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट दुरुस्त करणं हा त्याचा पोटाचा धंदा. (आमची लिफ्ट बंद आहे. त्याबद्दल इथं काही म्हणायचं नाही.) सगळे त्याला चिटणीस म्हणतात, कारण तो 'अश्मद्वीप इतिहास संशोधन मंडळा'चा चिटणीस आहे.

हे मंडळ दर रविवारी सकाळी दहा वाजता चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत भरतं. दुकानाचा मालक चष्मेवाला, तोच अध्यक्ष. मंडळाचं काम एकच: अश्मद्वीपाची अधिकृत बखर लिहिणं. त्यातलं कलम चार सोन्याच्या अक्षरांत लिहावं असं आहे. कोणतीही गोष्ट बखरीत घ्यायची तर तिला दोन स्वतंत्र पुरावे आणि एक साक्षीदार पाहिजे. हे कलम अनुभवातून आलेलं आहे. एकदा स्कूलबस चालवणाऱ्या एका सभासदानं एकाच चिठ्ठीच्या आधारावर जाहीर केलं की थोरल्या राणीला विष घातलं होतं. मंडळात चौदा महिने दोन तट होते. दोन सभासद एकमेकांच्या नजरेला नजर देत नव्हते, आणि त्यांतला एक दुसऱ्याचे डोळे तपासायचा.

तेव्हापासून पुराव्याशिवाय पान हलत नाही. मला तर वाटतं, ही शिस्त आपल्या जगात असती तर आपलंही काही बरं झालं असतं. निदान गप्पा तरी कमी झाल्या असत्या.

इथवर प्रस्तावना झाली. आता मूळ गोष्ट.

चिटणिसाची आई त्याच्याजवळच राहते. वय सत्तरीच्या पुढं, स्वभाव असा की जिन्यात भेटली की आधी आपलीच विचारपूस होते. तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. सोमवारी सकाळी ऑपरेशन ठरलं. शुक्रवारी दवाखान्यातून फॉर्म आला आणि चिटणीस जेवणाच्या टेबलाशी तो भरायला बसला. अक्षर सुंदर. नाव झालं, पत्ता झाला, आणि रकाना आला: कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे काय?

"आहे," आई म्हणाली, आणि तिनं एका इंजेक्शनचं नाव सांगितलं. खडान्खडा, एखाद्या नातेवाइकाचं सांगावं तसं. "ते मला चालत नाही. लिही."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? मी सांगतेय ना."

"आई, तू साक्षीदार झालीस. पुरावे दोन लागतात."

"अरे, मी तुझी आई आहे!"

"तेही अजून धरूनच चाललोय," चिटणीस शांतपणे म्हणाला, आणि त्यानं रकान्यात लिहिलं: 'दुजोरा प्रलंबित'.

कुणी म्हणेल, पोरानं आईवर अविश्वास दाखवला. मुळीच नाही. त्यानं तिला थोरल्या राणीच्या बरोबरीनं वागवलं. आजवर एवढा मान त्या घरात कुणाला मिळाला नव्हता.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी फॉर्म वाचला, उलटा करून वाचला, आणि काचेतून विचारलं, "हे काय लिहिलंय, दादा?"

"माहिती आलेली आहे. मान्य व्हायची आहे."

"अहो, होय का नाही?"

"रविवारी कळेल."

"ऑपरेशन सोमवारी आहे. हे इंजेक्शन आमच्याकडे ऑपरेशनच्या आधी सगळ्यांनाच देतात. सोसत नसेल तर माणूस जातो, कळतंय का? मला तिथं एकच शब्द पाहिजे."

"म्हणूनच तर रविवारी," चिटणीस म्हणाला, आणि फॉर्म परत घेऊन आला.

आता अडचण कलम सातची होती. मुदतीत सिद्ध न झालेली गोष्ट 'नाही' धरण्यात यावी, असं ते कलम. ते चिटणिसानंच सुचवलेलं होतं, एकमतानं मंजूर झालं होतं, आणि त्या दिवशी टाळ्याही पडल्या होत्या. म्हणजे रविवारी दुपारपर्यंत दोन पुरावे मिळाले नाहीत, तर त्या रकान्यात त्याच सुंदर अक्षरात 'नाही' लिहिलं जाणार होतं. आईला हे शनिवारी कळलं. ती एवढंच म्हणाली, "बरं. तुमच्या सभेत मला यायला जमेल का? ते जिने मला होत नाहीत."

म्हणून इतिहासात प्रथमच मंडळाची सभा चिटणिसाच्या घरी भरवण्यात आली. (खुर्च्या आमच्याकडून गेल्या होत्या. एक खुर्ची जरा डुगडुगते. तिच्यावर मी स्वतः बसलो.)

अकरापैकी चिटणीस सोडून तीनच सभासद येऊ शकले. अध्यक्ष चष्मेवाला, एक दातांची डॉक्टरीण आणि तो स्कूलबसचा ड्रायव्हर. आई खिडकीशी बसली होती, उजवा डोळा जरा मिटून.

अध्यक्षांनी आधी डॉक्टरीणबाईंचं मत मागवलं. बाई म्हणाल्या, "डॉक्टर म्हणून विचारलंत तर आजींचा शब्द मला पुरेसा आहे. माझ्या दवाखान्यात असत्या तर मी त्या औषधाला हातसुद्धा लावला नसता." मग त्यांनी पर्स मांडीवर नीट ठेवली. "पण आज मी सभासद म्हणून आले आहे."

अध्यक्षांनी मान डोलावली. तत्त्वनिष्ठा म्हणतात ती हीच.

एवढ्यात आतून खाडखाड आवाज यायला लागले. ड्रायव्हर आल्या आल्या आत शिरला होता आणि एकामागून एक कपाटं, डबे, ट्रंका उघडत सुटला होता.

"अरे, तो काय शोधतोय?" आई म्हणाली. "साखर हवी असेल तर वरच्या फळीवर आहे म्हणावं."

"सवय आहे, आई," चिटणीस म्हणाला. "आम्ही कुठल्याही घरात शिरलो की सगळं उघडून बघतो. खेळात तसंच करावं लागतं."

इथं एक आकडेवारी देणं माझं कर्तव्य आहे. चिटणिसानं अश्मद्वीपात आजवर ११,४०६ कपाटं उघडली आहेत. स्वतःच्या घरात दोन. पैकी एक फ्रिज.

"सापडलं!" आतून आरोळी आली. "लेख आहे लेख! या लवकर!"

सगळे आत धावले. आईचं माहेरून आलेलं जुनं लाकडी कपाट. दार पूर्ण उघडून कपडे बाजूला सारल्यावर आतल्या बाजूला, खिळ्याच्या खाली, पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. ड्रायव्हरनं मोबाइलचा उजेड धरला आणि अध्यक्षांनी, सवयीनं, एका दमात वाचलं. वर त्या इंजेक्शनचं नाव. खाली: 'हे औषध. थोरला गेला. धाकटीला कधीही देऊ नये.' त्याखाली तारीख, आणि आईच्या वडिलांची सही.

"पुरावा क्रमांक एक," अध्यक्ष हळूच म्हणाले.

सगळे बाहेर आले. आई होती तिथंच बसली होती.

"आजी," ड्रायव्हरनं विचारलं, "थोरला कोण?"

लक्षात घ्या, हा प्रश्न त्या घरात पहिल्यांदाच विचारला गेला.

"माझा भाऊ," ती म्हणाली. "घड्याळं दुरुस्त करायचा. चोवीस वर्षांचा होता. साधा ताप आला म्हणून सुई दिली. मला म्हणाला, पाणी आण गं. मी पेला भरून आणला, तर..." तिनं पदर सारखा केला. "पेला माझ्या हातातच राहिला. कुठं ठेवायचा तेच कळेना."

"किती वाजले होते?" अध्यक्षांनी विचारलं. बखरीला वेळ लागते.

"नाही सांगता येणार. घरात बावीस घड्याळं होती, सगळी लोकांची, दुरुस्तीला आलेली. प्रत्येकात वेगळं वाजलं होतं."

ही उघड विसंगती होती. एरवी अशा विसंगतीवर मंडळानं तीन रविवार घेतले असते. अध्यक्षांनी वेळेची जागा कोरी सोडली.

"आई," चिटणीस म्हणाला, "मला आणखी एक मामा होता?"

"होता की."

"मग कधी सांगितलं का नाहीस?"

"सांगायला लागले की तू म्हणायचास, थांब आई, आत्ता घोडा पाण्यात आहे."

चिटणिसानं खाली बघितलं. मग फॉर्म बघितला. मग अध्यक्षांकडे बघितलं आणि चिटणिसाला शोभेल अशा आवाजात म्हणाला, "पुरावा अजून एकच झालाय, साहेब."

चष्मेवाल्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "कलम नऊ," तो म्हणाला. "मेलेलं माणूस हा स्वतंत्र पुरावा धरण्यात यावा. तेव्हा आजींचे बंधू, पुरावा क्रमांक दोन. आजी, साक्षीदार. कुणाची हरकत?"

कुणाचीच नव्हती. (मला मताचा अधिकार नव्हता, तरी हात वर केला. खुर्ची डुगडुगली.)

रकान्यात 'होय' लिहिण्यात आलं. सोबत चार पानांच्या तळटीपा जोडल्या. नर्सबाईंनी 'होय' वाचलं, त्याखाली लाल रेघ मारली आणि तळटीपा ट्रेमध्ये औषधांच्या बाटल्यांखाली अंथरल्या. दुसरं औषध दिलं गेलं. देवाच्या दयेनं ऑपरेशन छान झालं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, डोळा लख्ख झाला. घरी आल्यावर आईनं प्रथमच पोराच्या खेळाचा पडदा स्वच्छ बघितला. म्हणाली, "हा काळझेप ना? लंगडतोय बघ. पुढचा डावा. उत्तरेच्या खिंडीतली लढाई." आणि पुढं त्याची आई, आजी, पणजी, ओळीनं. वीस वर्षं शेजारच्या खोलीत बसून तिनं नुसतं ऐकलं होतं. पुरावा एकही मागितला नव्हता.

मामाचं नाव बखरीत घ्यावं, असा ठराव ड्रायव्हरनं पुढच्या रविवारी मांडला. तो फेटाळण्यात आला, कारण मामा सातपैकी कुठल्याच भागात येत नाही. आठव्या भागाची वाट पाहावी, असं ठरलं. चिटणीस त्या सभेला नव्हता. तो आईजवळ वही घेऊन बसला होता, आणि ऐकतो तर आकडा तेरावर गेला होता: "थांब, त्याआधी तुला हे माहीत पाहिजे," आई म्हणत होती.

झाली गोष्ट. आता उठण्याआधी हात जोडून एक मागणं आहे. त्या थोरल्या भावाची आठवण ठेवा. बिचाऱ्यानं आपल्या या गोष्टीत एवढंच काम केलं, की वेळेवर पुरावा झाला. घोड्याचं नाव तुम्ही आता विसरणार नाही, त्याचा कुठला पाय अधू तेही सांगाल. भावाचं नाव मी सांगितलेलंच नाही. मघापासून वाट पाहत होतो, तुमच्यापैकी कुणी विचारतंय का.