गोदाक्काचं अर्धं दार

एका जंगलात, बाळांनो, नोकरी मागायला गेलं की आधी विचारायचे, "कुणाचा रे तू? मामा कोण तुझा?" मामा मोठा असला की काम मिळायचं. नसला की आल्या वाटेनं परत.

मग कोल्हा कारभारी झाला. चार रानं हिंडून आलेला तो. म्हणाला, "मामा-काका काही नको. काम करून दाखवा. ज्याचं काम चांगलं, त्याची नोकरी."

सगळं जंगल खूश झालं. गोदाक्का घूस तर सगळ्यांत जास्त, कारण तिला औषधालाही मामा नव्हता.

तिचं बीळ रानडुकरानं उकरून टाकलेलं. चार पिल्लं करवंदीच्या जाळीखाली उघड्यावर, आणि वर घार घिरट्या घालतेय. सिंहमहाराजांना गुहा खणणारा पाहिजे होता. खणणाऱ्याला राहायला खडकाखालचं बीळ मिळणार होतं. त्या खडकातून घारीची चोच काही आत जाणार नव्हती. गोदाक्काला दुसरं काही नकोच होतं.

ती गेली, तर तिच्या पुढे साळिंदरभाऊ उभा. कोल्हा त्याला म्हणाला, "नमुन्यादाखल एवढी आत जायची वाट खणा बघू." त्यानं सुरेख वाट खणली.

"छान! कळवतो हं," कोल्हा म्हणाला.

त्याच्यामागं खवल्या, तो मुंग्या खाणारा, अंगभर खवलेवाला. "तुम्ही नमुन्यादाखल पाण्याचा चर काढा." त्यानं चर काढला, अगदी सरळ.

"वा! कळवतो हं."

दोघं जांभळाखाली निरोपाची वाट बघत बसले.

"गोदाक्का, आता तू. आत महाराजांची झोपायची खोली खण. नमुन्यादाखल."

गोदाक्कानं आत जाऊन सगळीकडे नजर टाकली. वाट झाली होती. चर झाला होता. राहिली होती ती खोलीच. खोली झाली की राजाची अख्खी गुहा तयार. मग खणणारा ठेवायचा कशाला?

तिनं नाक खाजवलं. "कारभारी, सगळं पुरं करायचं का हो?"

"छे छे! पुरं कशाला? नमुना म्हणजे नमुना."

"बरं झालं बाई विचारलं."

आणि ती खणायला लागली. खोली अशी खणली की राजानं चारी पाय पसरून लोळावं. भिंती शेपटीनं गुळगुळीत केल्या. दार तेवढं बेतानं ठेवलं. मग मिशांवरची माती झटकून बाजूला बसली.

सिंह बघायला आला. त्यानं दारात डोकं घातलं. आयाळ मागे झोपली, डोकं सुळकन आत गेलं. "वा, वा! काय खोली आहे!" आतून आवाज घुमला. मग तो मागे सरकायला लागला, तर आयाळ उलटी उभी राहिली आणि दारात बोळ्यासारखी गच्च बसली. डोकं आत, महाराज बाहेर.

"कारभारी!"

कोल्ह्याची गाळण उडाली. "अगं अक्का, दार अर्धंच?"

"पुरं कशाला, असं तुम्हीच म्हणालात ना? नमुना आहे तो."

कोल्हा जांभळाकडे धावला. "साळिंदरभाऊ, धावा! महाराजांना ओढा!"

साळिंदर आला. त्यानं शेपूट धरलं, एक हिसका दिला आणि सोडून दिलं. "कसा वाटला नमुना? कळवा मग."

खवल्यानंही एक हिसका दिला. "माझी काही घाई नाही. सावकाश कळवा."

"अरे, मी गुदमरतोय इथं!" सिंह आतून ओरडला. "गोदे, नोकरी तुझी! दार मोठं कर!"

"नीट ऐकू येत नाही, महाराज. बीळसुद्धा ना?"

"बीळसुद्धा!"

"कधीपासून?"

"आत्तापासून, बाई!"

गोदाक्का उठली. पण दाराकडे नाही गेली. आधी जाळीखालून एकेक पिल्लू तोंडात धरून खडकाखाली नेलं. घारीनं वरून पाहिलं आणि तोंड फिरवून दुसऱ्या रानाकडे गेली. पिल्लं निजली, तेव्हा कुठे अक्का परत आली आणि दोन-चार पंजे मारून दार मोकळं केलं. महाराज बाहेर आले. नाकातोंडात माती, पण खोलीचं कौतुक काही थांबेना.

पुढे गोदाक्काला हाताखाली कुणीतरी पाहिजे झालं. पलीकडच्या रानातलं एक मुंगूस आलं.

"तुझा मामा कोण, असलं मी नाही हो विचारत," अक्का म्हणाली. "नमुन्यादाखल एवढा मातीचा ढीग हलव बघू."

बिचाऱ्यानं जीव तोडून सगळा ढीग हलवला. वर अंगण झाडून काढलं, खडा म्हणून ठेवला नाही.

अक्कानं ते लख्ख अंगण पाहिलं. मांडीवरच्या पिल्लाला चाटता चाटता म्हणाली, "फारच छान केलंस, बाळा. कळवते हं."

तात्पर्य : मुलांनो, काम नेहमी अर्धवट सोडावं. पुरं केलं तर शाबासकी मिळते, अर्धं ठेवलं तर नोकरी. आणि उद्या तुम्हीच राजे झालात तर नमुना जरूर बघा, फक्त डोकं बाहेर ठेवून.