दिवाणखान्यातला हिरवा खांब

दिवाणखान्यातल्या निवडुंगाचे टोक छताला टेकले, हे घरात सर्वांत आधी थोरलीच्या लक्षात आले. ती वनस्पतिशास्त्राची पदवीधर होती आणि सध्या नोकरीच्या शोधात होती, त्यामुळे भाजी निवडण्यापासून कुंड्यांपर्यंत घरातल्या सगळ्या हिरव्या गोष्टींची जबाबदारी आपोआप तिच्याकडे आली होती. हा निवडुंग मात्र तिचा खास. खांबासारखी सरळसोट वाढणारी जात. शाळेत असताना बोटाएवढा तुकडा आणून तिने तो लावला होता. पुढे तिच्या परीक्षा झाल्या, चष्मा लागला, पदवी मिळाली. तो मुकाट्याने वर जात राहिला आणि शेवटी स्लॅबला जाऊन भिडला.

"शेंडा दबला की कुजणार," थोरली म्हणाली, "आणि कुज खाली उतरली की सगळाच जाईल. कापायलाच हवा."

"इतकी वर्षं वाढवून कापायचा?" बाबांनी पेपर खाली घेतला.

"कापून पुन्हा लावायचा, बाबा. शेंडा वेगळा, मधले तुकडे वेगळे. कापलेल्या जागी खपली धरेपर्यंत सावलीत आडवे ठेवायचे. मग भुसभुशीत, कोरड्या मातीत उभे करायचे. पाणी अजिबात नाही."

"अजिबात नाही म्हणजे अगदी थोडं," आई म्हणाली.

"अजिबात नाही म्हणजे अजिबात नाही, आई."

"बिचाऱ्याला कापायचंही आणि तहानलेलंही ठेवायचं. हेच शिकवतात का गं तुमच्या कॉलेजात?"

थोरलीने करवतीचे पाते उकळत्या पाण्यात बुडवून कोरडे केले. ती कुंडीजवळ बसली, आणि दारावरची बेल वाजली.

दारात तपासनीस उभा होता. त्याच्या येण्याला कारण होते. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, ऊन येणाऱ्या कडेला असलेल्या एका खांबाचा बुडाशी लचका तुटला होता आणि आतल्या गंजक्या सळया बाहेर डोकावत होत्या. त्या पोकळीत एक मांजर व्याली होती. तोवर कोणाला काळजी नव्हती. पण मांजरीने एके दिवशी पिल्ले उचलून शेजारच्या इमारतीत नेली, तेव्हा सोसायटीला धोक्याची जाणीव झाली आणि तिने रीतसर तपासनीस बोलावला. त्याला सगळे खांब तपासायचे होते आणि तो शिस्तीने वरच्या मजल्यापासून खाली येत होता. पार्किंग शेवटी होते.

तपासनिसाने भिंतींवर हातोडी वाजवली, कोपरे पाहिले आणि निवडुंगासमोर येऊन थांबला. त्याची नजर कुंडीपासून छतापर्यंत गेली आणि परत खाली आली.

"हा कधी उभारला?"

"उभारला नाही, वाढला," थोरली म्हणाली.

"विनापरवाना?"

"अहो, तो निवडुंग आहे."

"ते साहित्य झालं. मी प्रकार विचारतोय." त्याने पिशवीतून पुस्तिका काढली, पण उघडली नाही, त्याला ती पाठ होती. "जमिनीपासून छतापर्यंत सलग उभा आणि दोन्ही टोकांना टेकलेला कोणताही घटक म्हणजे खांब. कशाचा, त्याबद्दल नियम काही म्हणत नाही."

"तो कुंडीत आहे."

"पाया उथळ," तपासनीस पुटपुटला आणि तशी नोंद केली. मग त्याने निवडुंगावर हातोडीने हलकेच टिचकी मारली, बोट तोंडात घातले आणि दुसऱ्या हाताने लिहिले: 'प्रतिकारशक्ती उत्तम. तडे नाहीत. गंज नाही.'

"खरं सांगू का," तो आईला म्हणाला, "या इमारतीत आतापर्यंत पाहिलेला हा सगळ्यात धडधाकट खांब."

आईने बाबांकडे अभिमानाने पाहिले. तपासनिसाने जमिनीवरच्या करवतीकडे पाहिले.

"भार वाहणारा खांब कापता येणार नाही, ताई."

"तो कसलाच भार वाहत नाहीये."

"सिद्ध करा."

"कापल्यावर आपोआप सिद्ध होईल."

"सिद्ध झाल्याशिवाय कापता येणार नाही."

थोरलीने कॉलेजात पुष्कळ प्रयोग केले होते. निकाल आधी दाखवल्याशिवाय करता येत नाही असा प्रयोग तिने पहिल्यांदाच पाहिला.

बातमी जिन्याने वर गेली आणि त्याच जिन्याने वरच्या मजल्यावरचे काका खाली आले. पायांत चपला नव्हत्या. घाईत विसरल्या की भार कमी करायला काढल्या, ते कळले नाही.

"पोरी, माझं लोखंडी कपाट बरोब्बर तुझ्या खांबावर येतं. करवत लावायचा विचारसुद्धा करू नकोस. सकाळपासून मला फरशी वेगळी लागतेय."

"काल लागत नव्हती का काका?"

"काल मला माहीत कुठे होतं?"

दरम्यान शेंडा पिवळसर पडू लागला. थोरली रोज स्टुलावर चढून तो पाहायची आणि उतरताना तिचा चेहराही तसाच व्हायचा. शेवटी तिने सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठले आणि त्यांनी खास सभा बोलावली. तिने सभेपुढे सगळे समजावून सांगितले: खपली, कोरडी माती, मुळे फुटेपर्यंतचा धीर. सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर चढवला.

"म्हणजे एका खांबाचे पुष्कळ खांब होतात?"

"झाडं होतात."

"आणि ते आपले आपण वाढतात. सिमेंट नको, गवंडी नको?"

"हो, पण ते खांब—"

"रंगसुद्धा नको. आधीच हिरवे."

इतक्या वर्षांत इमारतीला फुकट मिळणारी ही पहिलीच गोष्ट होती. ठराव एकमताने मंजूर झाला: दिवाणखान्यात लोखंडी टेकू लावून निवडुंग कापावा, तुकडे सोसायटीच्या ताब्यात द्यावेत, गरजेनुसार घरोघरी खांब उभारावेत. थोरलीच्या वाक्यातला 'नाहीत' हा शब्द ठराव मंजूर झाल्यानंतर आला, त्यामुळे तो विचारात घेता आला नाही.

ठरलेल्या सकाळी टेकू लागला. वरचे काका कपाटाला मिठी मारून उभे राहिले. थोरलीने करवत फिरवली आणि तुकडे एकेक करून खाली घेतले. छत होते तिथेच राहिले.

"बघा, काही झालं नाही," ती तपासनिसाला म्हणाली.

"कसं होईल? टेकू आहे ना."

"मग टेकू काढून बघा."

"खांब नसताना?" तपासनिसाने तिच्याकडे दयेने पाहिले.

तुकडे सोसायटीच्या ऑफिसात जुन्या कागदांवर आडवे पडले. 'खांबांवर सामान ठेवू नये' अशी पाटी लागली. मधल्या तुकड्यांची खालची-वरची बाजू ओळखता यावी म्हणून थोरलीने प्रत्येकावर शाईने बाण काढले. खपली धरली आणि वाटप सुरू झाले. तिने एवढेच मागितले, "शेंडा मला द्या. तो माझा आहे. बोटाएवढा असल्यापासून मी वाढवलाय."

"ताई, शेंडा सगळ्यात जोमदार," सेक्रेटरी म्हणाले. "तो गरजेच्या ठिकाणी जाणार. पार्किंगमध्ये."

अशा रीतीने शेंडा त्या तुटक्या खांबाच्या पोकळीत, गंजक्या सळयांच्या मधोमध, पडझडीच्या चुऱ्यात रोवला गेला.

घरोघरी वेगळीच अडचण आली. तुकडे गुडघ्याएवढे आणि छत वर. छताला टेकल्याशिवाय खांब कसला? कोणी कुंडी स्टुलावर ठेवली, स्टूल टेबलावर ठेवले, आणि टेबलाखाली चार विटा सरकवल्या. एका घरात जेवणाच्या टेबलावर खांब आल्यामुळे मंडळी जमिनीवर बसून जेवू लागली, पण निर्धास्तपणे. सोसायटीच्या अध्यक्षांनी बाण म्हणजे घुसवण्याची दिशा असे समजून आपला तुकडा उलटा लावला. थोरलीने ते सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "इमारतीत सगळेच खालून वर आधार देतायत. कोणीतरी वरून खाली द्यायला नको?"

आणि पाणी. पाणी घालू नका, असे तिने दारोदार जाऊन सांगितले. सगळ्यांनी मान डोलावली आणि दार लागताच तांब्या उचलला. आपल्या डोक्यावरचे छत पेलणाऱ्याला घोटभर पाणी न देण्याइतके निर्दय त्या इमारतीत कोणी नव्हते. आई तर थोरली झोपली की कुंडीत उरलेल्या खोडाला ग्लासभर दूध-पाणी घालायची. "नुसतं पाणी कुठे दिलं मी?" खोडाचा चिखल झाल्यावर ती म्हणाली.

एकेक खांब मऊ पडू लागला. लोक एकमेकांकडे भेटायला जाऊ लागले.

"तुमचा कसा आहे?"

"बुडापासून खचलाय. डॉक्टरांना दाखवला."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, माझ्याकडे दातांचे रुग्ण येतात."

थोड्याच दिवसांत घरांमधले सगळे तुकडे कुजले. उरला फक्त पार्किंगमधला शेंडा. तिथे पाणी कोणी घालायचे, याचा निर्णय तीन सभांत झाला नव्हता, त्यामुळे त्याला शास्त्रशुद्ध वागणूक मिळाली होती. थोरली खाली गेली आणि तिने अलगद हात लावून पाहिला. शेंडा हलत नव्हता. मुळे धरली होती. टोकाला कोवळे, पिवळे काटे फुटले होते.

मग तिचे लक्ष फरशीवर गेले. तिथे सिमेंटचा ताजा चुरा पडला होता. मुळे फटींत शिरली होती आणि पोकळी आता मांजरीलाच नव्हे, कुत्र्यालाही पुरली असती.

ती धावतच सेक्रेटरींकडे गेली. "सेक्रेटरीकाका, मुळं खांब फोडतायत. शेंडा काढून मला द्या आणि तो खांब आधी भरून घ्या. नाहीतर इमारत जाईल आणि शेंडाही."

"भार वाहणारा खांब काढायचा?" सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर चढवला. "घरातले सगळे गेले. आता इमारत एकट्या त्याच्यावर उभी आहे. आणि तुम्ही म्हणता, त्याला काढा आणि त्या मोडक्याला दुरुस्त करा?"

"त्या मोडक्यावरच उभी आहे ती."

"ताई, मोडका कितीतरी वर्षं मोडतोय. वाढतोय कोण?"

थोरलीने संध्याकाळी स्वतःच शेंडा काढायला हात घातला. वॉचमन पुढे आला. "ताई, हात लावू नका. खांब आहे तो."

"आणि हा कोण मग?" तिने तुटक्या सिमेंटकडे बोट दाखवले.

"ती कुंडी."

यथावकाश तपासनीस शिस्तीने उतरत उतरत पार्किंगपर्यंत पोहोचला. त्याने शेंड्यावर हातोडीची टिचकी मारली, बोट तोंडात घातले आणि अहवाल पूर्ण केला: 'जुना खांब कालबाह्य. नवा खांब जोमदार, वाढता. छताला टेकेपर्यंत रहिवाशांनी धीर धरावा. इमारत सुरक्षित.'

रहिवासी धीर धरून आहेत. रोज संध्याकाळी मंडळी खाली उतरून शेंड्यासमोर उभी राहतात, किती वाढला ते वितीने मापतात आणि पायांखालचा चुरा झाडून टाकतात. थोरली घर सोडायला सांगून थकली. "दुसरीकडे गेलो तर तिथे आपला खांब असेल का?" बाबा विचारतात. आता तीही रोज खाली येते. सिमेंटचा आवाज ऐकते, नवे काटे पाहते, वॉचमनला पाणी घालू नका म्हणून बजावते आणि वर जाऊन झोपते. निवडुंग मात्र सुरेख वाढतो आहे.

ही गोष्ट वाचताना तुम्ही मध्येच एकदा मान वर करून आपल्या छताकडे पाहिलेत. बहुतेक सगळेच पाहतात. जिना उतरून खाली आपापल्या पार्किंगमध्ये मात्र त्यांच्यापैकी अजून कोणी गेलेले नाही.