सासऱ्यांचे दरवाजे अरबीत उघडले

भाषांतराचे साधन निवडावे, तर आम्हीच! तंत्रनिकेतनात शिकलेला माणूस भाजीसुद्धा निकष लावून घेतो. सासऱ्यांचा लाकडी दरवाजांचा कारखाना. परदेशी गिऱ्हाइकांसाठी त्यांच्या वेबसाइटला आणखी काही भाषा जोडायच्या होत्या. थोरला जावई या नात्याने ते काम आपसूक आमच्याकडे यायला हवे होते. पण जेवताना सासरे म्हणाले, "धाकट्या जावईबापूंनाही विचारू या. त्यांना यातलं कळतं."

आम्ही पोळीचा तुकडा ताटात परत ठेवला! धाकटे साडू म्हणजे सासूबाईंच्या गळ्यातला ताईत. ते शिंकले तरी त्या कौतुकाने ऐकतात. आम्ही त्यांचे गळके छप्पर दुरुस्त केले, तेव्हा "शिडी जागेवर ठेवा" एवढेच म्हणाल्या.

साडूंनी मोबाइलवर अंगठा फिरवून उभ्याउभ्या एक साधन सुचवले. "यात अरबी निवडली की मजकूर उजवीकडून सुरू होतो, पण चित्रं जशीच्या तशी राहतात."

"म्हणजे अर्धवट काम!" आम्ही गरजलो. आम्ही तक्ते मांडून निवडलेल्या साधनात पानच्या पान आरशात पाहावे तसे उलटत होते. मजकुराची जागा, बटणे, चित्रे, सारे! शिस्त म्हणतात ती हीच.

"अहो दादा, पण चित्रं—"

"तुम्ही अजून लहान आहात."

सासरे आमच्या बाजूने झुकले. सासूबाईंनी साडूंना सांत्वनापुरते दुप्पट गोड वाढले, तेवढे सोडल्यास आमचा विजय निर्भेळ होता.

लवकरच अरबी पानावरून भलीमोठी मागणी आली. एका नव्या इमारतीतल्या साऱ्या घरांचे दरवाजे! आम्ही साडूंसमोरून इतके ताठ चाललो, की मान अवघडली. दरवाजे रवाना झाले, पोहोचले आणि मग फोन आला. ऐकता ऐकता सासऱ्यांचा चेहरा भिजलेल्या प्लायवुडसारखा फुगत गेला.

"जावईबापू, चित्रात बिजागऱ्या डावीकडे होत्या म्हणे! आलेल्या दारांना उजवीकडे आहेत. एकही चौकटीत बसत नाही!"

आमच्या शिस्तप्रिय साधनाने दरवाजेही उलटून दाखवले होते!

साडूंनी नुसता घसा खाकरला. त्यांच्या बोलण्याचाही आम्हाला कधी इतका राग आला नव्हता. त्यांनी तोंड उघडण्याआधी उपाय सुचवणे भाग होते.

"सोपं आहे! दार खालचं वर करून बसवायला सांगा. बिजागऱ्या आपोआप डावीकडे येतील. साधी भूमिती!"

"वा!" सासरे उद्गारले.

"दादा," साडू हळूच म्हणाले, "दाराला बाहेरचं बघायचं भोक असतं ना..."

"मत्सर वाईट, साडूसाहेब!"

गिऱ्हाइकाने एक दार तसे बसवून पाहिले. भोक गुडघ्यापाशी! सारे दरवाजे परत आले. साडूंनी आपले साधन जोडले, योग्य बाजूच्या बिजागऱ्यांचे दरवाजे पाठवले आणि हातची जाणारी मागणी वाचवली. सासूबाईंचे कौतुक तर आता शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही पाठ आहे.

परत आलेल्यांपैकी एक दरवाजा सासऱ्यांनी आमच्या घराला भेट दिला. आमची चौकट नेमकी डाव्या बिजागऱ्यांची! "उलटा बसवा," ते सुताराला म्हणाले, "भूमिती यांचीच आहे."

परवा बेल वाजली. आतून हिने विचारले, "कोण आलंय हो?"

आम्ही दोन्ही गुडघे टेकले, मान लववली, भोकाला डोळा लावला आणि म्हणालो,

"साडू आलेत."