स्टार्टअपमधले मानकरी

“सांगून कुणाचा इस्वास बसायचा न्हाई, पावनं,” मनगटावरचं चांदीचं कडं कोपराकडं सरकवत धुळातात्या म्हणाले, “पर हुलगेवाडीला आज पानी येतंय ते ह्या हातामुळं! अडून बसलेला कंपुटर मी एका बोटानं उठवलाय!”

टँकर यायचा होता. घागरींची रांग सोसायटीच्या पायरीपासून पार चिंचेपर्यंत गेली होती. पाहुणे दादासो इस्लामपूरकडचे, म्हणजे उसाच्या मुलखातले. पाण्यासाठी रांग लागते हेच त्यांना नवल, त्यात कंपुटर! ते पुढं सरकून बसले. असा श्रोता तात्यांना फार दिवसांनी गावला होता.

“टँकरचा आन् कंपुटरचा काय संबंध?” दादासोंनी विचारलं.

“आता अठ्ठ्याण्णव साल हाय! तालुक्याला पान्याच्या मागनीची हातानं लिवलेली यादी चालत न्हाई. सोमवारी बाराच्या यष्टीनं छापलेली यादी जतला गेली, तर टँकर आपला. न्हाईतर खेप गेली शेजारच्या वाडीला!”

इथपर्यंत सगळं खरं होतं. मेंढपाळ सोसायटीनं त्यासाठीच एक जुना कंपुटर आणला होता आणि तो चालवायला सांगलीत कोर्स केलेला बुद्धभूषण ठेवला होता. पोरगा गुणी. पण एक दिवस त्याच्या तोंडून निघून गेलं, की यात स्टार्टअप नावाचा एक फोल्डर असतो. त्यात जे ठेवावं, ते मशीन चालू केल्या केल्या आपोआप उघडतं. सगळ्यात आधी!

सगळ्यात आधी? म्हणजे मान! जत्रेत पहिला नारळ कुणाचा यावरून ज्या गावात तीन वर्षं बोलचाल बंद, त्या गावात ही गोष्ट बोलायची असते का?

“मग चेअरमन आप्पासोंचा फोटू पयला,” तात्या बोटांवर मोजू लागले. “तो बघून व्हाईस चेअरमनचा. मग महिला मंडळाच्या बनुबाईंचा, हळदीकुंकवाचा. मग शाळंचा, तालमीचा, भजनी मंडळाचा. सांगलीला जायचं, फोटू फ्लॉपीत भरून आणायचा, आन् भूषणच्या म्होरं हुबं ऱ्हायचं! सव्वीस मानकरी झालं, सव्वीस!”

“अगं आई गं!”

“सकाळी बटान दाबलं की मशीन जे सत्काराला लागायचं, ते जेवनाच्या टायमापतूर! एकाची खिडकी उघडली, की तिच्यावर दुसऱ्याची. पडद्यावर ते वाळूचं घड्याळ बघून बघून आमच्या पोस्टमनला घेरी आली!”

घेरी कुणाला आली नव्हती, पण दादासोंनी मान डोलावली. तात्यांना जोर चढला.

“आन् गेल्या सोमवारी मशीन अडलं ते अडलंच! तेविसाव्या फोटूवर. एका मेंढ्याच्या! शिंगं तेवढी दिसली, खालचं तोंड काय उतरंना. साडेअकरा वाजलं. यष्टी यायची बाराला. यादी पोटात आन् मशीन सत्कारात!”

“मग काढायचे की फोटो!”

“काढायचं? आदी कुणाचा काढायचा? आप्पासो म्हनले, माझा पयला लागला, तवा माझा शेवटी निघंल. बनुबाई म्हनल्या, आवं, लागायचा मान पयला तुमचा, तर निघायचा मानबी पयला तुमचाच! झालं! पटके सुटले, चपला निघाल्या, आन् बाहेर बायका रिकाम्या घागरी बडवायला लागल्या!”

“मग वो?”

तात्यांनी आवाज खाली आणला. “मग म्या म्हनलं, सरा बाजूला. मशीन बंद केलं. पुना चालू केलं, आन् शिफ्ट नावाचं बटान ह्या बोटानं दाबून धरलं. मेंढराची नरडी धरावी तसं! ते दाबलं की दाराशी सव्वीस का सव्वीसशे हुबं असंनात, एकबी आत येत न्हाई. कुणाचा फोटू काढला न्हाई, कुणाचा मान गेला न्हाई! यादी छापली, पळत जाऊन कंडक्टरच्या हातात दिली, तवा यष्टी हालली हुती!”

“शाबास!” दादासो भारावले. “तुम्हाला जमलं, कारण तुमचा स्वतःचा त्यात फोटो नव्हता.”

“आपल्याला कशाचा मान, पावनं!” तात्यांनी डोळे मिटले. “आपुन विरक्त मानूस. त्या फोल्डरात आपलं एक नखबी न्हवतं!”

बुद्धभूषण दारात उभा होता. तो नुसता खोकला. पण रांगेत तिसऱ्या घागरीवर हरणाबाई बसल्या होत्या, आणि त्या तात्यांच्या धर्मपत्नी होत्या.

“आवं,” त्या तिथूनच ओरडल्या, “बटान दाबलं ते भूषणनं, ते ऱ्हाऊ द्या! पर मशीन ज्याच्यावर अडलं, त्यो मेंढा कुणाचा? आन् त्याचं शिंग धरलेल्या हातात कडं कुणाचं हुतं?”

धुळातात्यांनी कोपराजवळचं कडं हळूच बाहीच्या आत ढकललं.